मुकादमिणीचे दात

ही वही माझ्या मुलीची, शाळेतून उरलेली. मी चौथीपर्यंत शिकले आणि त्यानंतर सहीशिवाय फारसं काही लिहिलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, अक्षर रेघ सोडून खाली उतरेल, तेवढं पोटात घालावं. कोणाला सांगते आहे ते मलाच माहीत नाही, कारण वही मी भाताच्या कणगीमागे ठेवणार आहे. पण मुकादमिणीबद्दल मला तोंडाने कधी धड बोलता आलं नाही, आणि एकदा बोलले तेव्हा नको ते बोलले. म्हणून लिहून बघते.

मुकादमीण झाडाकडे तोंड करून जेवायची. तलासरीकडच्या पाड्यांवरून आम्हा वीस-बावीस बायांना जीपमध्ये भरून ती डहाणूच्या चिकूवाडीत कामाला न्यायची. दुपारी आम्ही डबे सोडून गोल करून बसायचो आणि ती आपला डबा घेऊन ओळीतल्या शेवटच्या झाडापाशी जायची. आमच्याकडे पाठ आणि डोक्यावरून पदर पार नाकापर्यंत ओढलेला. कोंबडी पाणी पिताना मान वर करते तशी तिची मान तीन-चार वेळा वर व्हायची, तांब्या रिकामा व्हायचा आणि झालं जेवण. आमचा दुसरा घास तोंडात असायचा तेवढ्यात ती टाळ्या वाजवत यायची. "चला गं, उठा! किती वेळ रवंथ करता? गुरं बरी तुमच्यापेक्षा."

बाया तिला घाबरायच्या आणि पाठीमागे बोलायच्या. कोणी म्हणे, डब्यात रोज मटण असतं म्हणून लपवते. कोणी म्हणे, तिला सोन्याचा दात आहे. एक म्हातारी तर सांगायची, "ती जेवतच नाही. झाडाला घालते. म्हणून त्या झाडाला चिकू जास्त."

मी २०१४ साली टोळीत गेले. मला चार माणसांत बोलता येत नाही, लहानपणापासूनच. बायांनी दुसऱ्याच दिवशी माझं नाव 'मुकी' ठेवलं. चौथ्या दिवशी जेवणाच्या वेळी मुकादमिणीने शेवटच्या झाडाकडून हाक मारली, "ए मुके, डबा घेऊन इकडे ये." मी गेले. ती म्हणाली, "बस. एकटीने जेवून जेवून कंटाळा आलाय. तू बघितलंस तरी कोणाला सांगणार नाहीस." आणि तिने पदर मागे टाकला.

तिचे दात सांगायचे तर दात कमी आणि गर्दी जास्त. वरचे पुढचे दोन बाहेर आलेले, त्यांच्या मागे एक तिसरा उभा, जीपमध्ये जागा न मिळालेल्या माणसासारखा. खालचे उजवीकडे कललेले. तोंड मिटलं तरी दाढा एकमेकींना टेकत नव्हत्या. मध्ये बोट जाईल एवढी फट राहायची. काही दाढा किडून पोकळ झालेल्या, दोन नव्हत्याच. ती भाकरीचा तुकडा तोंडात घ्यायची, जिभेने इकडून तिकडे फिरवायची, आणि पाण्याबरोबर तसाच्या तसा खाली ढकलायची. घास गळ्यातून उतरताना डोळ्यांत पाणी यायचं. ते पुसून पुढचा घास.

"माझ्या तोंडातल्या बाया कामचुकार आहेत," ती मला म्हणाली. "नुसत्या उभ्या राहतात, काम करत नाहीत. सगळं काम पोटातल्या बायांवर पडतं. मग त्या बोंब मारतात."

बोंब मारतात हे खरं होतं. दुपारनंतर तिचं पोट फुगायचं. चिकू धुऊन मोठे, मधले, बारीक असे वेगळे करताना ती एक हात कामाला आणि एक हात पोटावर ठेवायची. ढेकर आला की बाया एकमेकींकडे बघायच्या आणि कोणीतरी म्हणायची, "जीपचा हॉर्न वाजला, चला घरी." तीही हसायची, तोंडावर पदर धरून. परत जाताना ड्रायव्हरच्या शेजारी मूठ पोटात दाबून बसायची. चारोटीच्या आधीच्या खड्ड्यांतून जीप आदळली की "आई गं" म्हणायची आणि पुन्हा कोणाची हजेरी लागली, कोणाची नाही ते विचारायला लागायची. ओवा, सोडा, हिंग, दुकानातल्या पिवळ्या गोळ्या, सगळं तिच्या कमरेच्या पिशवीत असायचं. नागलीची भाकरी आणि सुकं बोंबील खाल्लं की दोन दिवस वाया. मऊ भात आणि डाळ असली तर जरा बरं. सडायला आलेले मऊ चिकू वाडीचा शेठ फेकून द्यायला सांगायचा, ते ती बाजूला काढून ठेवायची. तेवढं एकच खाणं ती आनंदाने खायची.

तोंड लपवायची सवय तिला आईने लावली होती. बघायला पाहुणे आले तेव्हा आई म्हणाली, तोंड मिटून बस, विचारलं तर मान हलव. मान हलवून लग्न ठरलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कशाला तरी हसली आणि सासू ओरडली, "अरे, घोडी आणली काय घरात!" मुकादमीण हे सांगायची तेव्हा सासूच्या आवाजात सांगायची आणि आम्ही दोघी हसायचो. तिचा नवरा गुजरातच्या बोटीवर खलाशी होता. मुलगी चार वर्षांची असताना तो तापाने गेला. तेव्हापासून ती कामाला लागली आणि पुढे स्वतःच बाया जमवायला लागली. बावीस बायांवर ओरडणारी बाई, पण शेठसमोर बोलतानाही ओठांवर पदर.

तिच्या अंगणापलीकडे तिच्या धाकट्या जावेचं घर होतं. जाऊ चांगला स्वयंपाक करायची, विशेषतः वालाचं कालवण. रोज संध्याकाळी एक वाटी इकडे यायची, उरलेलं दुसऱ्या दिवशी हिच्या डब्यात. पुढच्या वर्षी पोटाचा त्रास फार वाढला तेव्हा मुकादमीण एका भगताकडे गेली. भगताने तांदूळ टाकून बघितले आणि सांगितलं, "जवळच्या बाईने खाण्यातून काहीतरी घातलंय. पोटात बसलंय ते." जवळची बाई कोण, हे त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. कालवण कोण देत होतं ते सगळ्या पाड्याला माहीत होतं.

मुकादमिणीने वाटी घेणं बंद केलं. पहिल्या दिवशी "पोट भरलंय" म्हणाली. दुसऱ्या दिवशी जावेसमोर कालवण कुत्र्याला घातलं. जाऊ वाटी धुऊन घेऊन गेली. त्यानंतर अंगणात कुडाचं कुंपण आलं. वाल तिने चावलेच नव्हते, अख्खे गिळले होते, म्हणून ते पोटात बसायचे. हे मला तेव्हाही कळत होतं. मी रोज तिच्या शेजारी बसून ते वाल गिळताना बघत होते. पण भगताच्या बोलण्यावर मी काय बोलणार, असं मला वाटलं. मला नेहमी असंच वाटतं.

२०१६ साली ती मला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. तिथे मोठी रांग होती. डॉक्टरांनी पोट दाबलं, जीभ बघायला मागितली. तिने पदराआडून जिभेचं टोक तेवढं दाखवलं, कासवाने मान काढावी तसं. डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "जेवण नीट चावून खाता ना?"

"हो," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही सोबतच असता ना? चावून खाते का ही?"

मुकादमीण माझ्याकडे बघत होती. मी खाली बघितलं आणि मान हलवली. ती हो अशी हलवली की नाही अशी, मलाही सांगता येणार नाही. डॉक्टरांनी हो धरली. पुन्हा त्याच पिवळ्या गोळ्या, वर एक पातळ औषध. बाहेर आल्यावर ती माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "शहाणी आहेस." मी त्या शाबासकीने दिवसभर खूश होते. हे लिहिताना आज हात थांबतो.

मग पुढच्या हिवाळ्यात आश्रमशाळेत दातांचं शिबिर लागलं. ते मुलांसाठी होतं. मुकादमीण टोळीतल्या एका बाईच्या पोराला घेऊन गेली होती, मी बरोबर होते. दातांची डॉक्टरीण म्हणजे चोवीस-पंचवीस वर्षांची पोरगी, गुजराती वळणाचं मराठी बोलणारी. पोराचे दात बघून झाल्यावर ती मुकादमिणीला म्हणाली, "मावशी, आता तुमचे."

"मला काही नाही."

"काही नाही तर तोंड का झाकलंय?"

"सवय आहे."

"पोट दुखतं का?"

मुकादमिणीने पदर आणखी ओढला. पोरगी म्हणाली, "गालावरून कळतं मावशी, दात बसत नाहीत ते. दाणे, डाळ, जसं खाल्लं तसंच सकाळी बाहेर पडतं ना?"

मुकादमिणीने माझ्याकडे बघितलं, हे तू सांगितलंस का, अशा नजरेने. मग हळूच खुर्चीवर बसली. पदर काढायला तिला एवढा वेळ लागला की मागच्या रांगेतली पोरं ओरडायला लागली.

पोरीने आरशात दाखवून सगळं समजावलं. वाकडे दात एकमेकांवर चढले की फटीत अन्न अडकतं, हिरड्या कुजतात, दाढा पोकळ होतात. उरलेले बरेच दात हलतायत. लहानपणी तार बांधली असती तर सरळ झाले असते, आता सगळे काढून वर-खाली कवळी बसवावी लागेल. "पोटाचं सगळंच दुखणं यानेच आहे असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण जे काम तोंडात व्हायला पाहिजे ते पोटाला करायला लावलं तर पोट किती दिवस करेल? भगताकडे गेला होतात का?"

"गेले होते."

"तो काय म्हणाला?"

मुकादमीण खुर्चीवरून उठली. घरी आल्यावर ती कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि जावेच्या दाराकडे बघत मला म्हणाली, "दोन वर्षं झाली गं, मी तिच्या हातचं पाणी पण प्यायले नाही."

दात काढायला पैसे लागणार नव्हते. कवळीला लागणार होते बारा हजार, डहाणूच्या दवाखान्यात. आमच्या पाड्यावर बायांचा बचत गट होता. कर्ज शेळीला मिळायचं, पत्र्याला मिळायचं, मुलीच्या लग्नाला मिळायचं. मुकादमीण सभेत उभी राहून सरळ म्हणाली, "मला दातांसाठी पाहिजे."

आधी कोणाला कळलंच नाही. मग एक हसली आणि सगळ्या सुटल्या.

"ह्या वयात दात? परत उभी राहतेस काय लग्नाला?"

"एवढी वर्षं कशाने जेवत होतीस मग?"

अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बाय, गटाचे पैसे ज्यातून पैसे येतील त्याला द्यायचे. दात काय दूध देणार? शोभेच्या वस्तूला कर्ज नाही." मुकादमीण म्हणाली, "शोभा नाही, जेवायला पाहिजे." पण ते तिने पदराआडून म्हटलं आणि कोणाला नीट ऐकू गेलं नाही. मला गेलं. मी शेजारीच बसले होते. शिबिरात ती दातांची पोरगी काय म्हणाली ते सांगणारी तिथे मी एकटीच होते.

दोन महिन्यांनी तिने पुन्हा अर्ज दिला. दोन शेळ्या, बारा हजार. लगेच मंजूर झाला. जामीन म्हणून माझी सही. सही करायच्या आधी तिने मला सगळं सांगितलं. "शेळ्या नाहीत हे तुला माहीत असलेलं बरं. हप्ता मी देईन, तुझ्यावर येऊ देणार नाही. करशील?" मी केली. आयुष्यात एवढ्या धीराचं काम मी दुसरं केलेलं नाही, असं तेव्हा वाटलं होतं.

दात काढल्यावर दोन महिने हिरड्या भरायला द्यावे लागतात. त्या दोन महिन्यांत ती आंबील प्यायची आणि मऊ चिकू खायची. गाल आत गेले, म्हातारी दिसायला लागली. बायांना सांगितलं, दात किडले म्हणून काढले. मग कवळी आली. पहिले पंधरा दिवस हिरड्या सोलल्या, बोलताना टकटक आवाज व्हायचा, दोनदा तिने रागाने ती काढून डब्यात टाकली. डॉक्टरणीने सांगितलं होतं, बारीक घास घ्या, दोन्ही बाजूंनी चावा, घाई करू नका.

आणि मग एका दुपारी, तो उन्हाळा होता, आम्ही गोल करून बसलो असताना मुकादमीण डबा घेऊन आली आणि शेवटच्या झाडाकडे न जाता आमच्यात बसली.  तिने नागलीची भाकरी मोडली, बोंबलाची चटणी लावली, घास तोंडात घातला आणि चावायला लागली. टक, टक, टक. आम्ही बघत राहिलो. खूप वेळाने तिने तो गिळला, पाण्याशिवाय.

"काय बघता?" ती म्हणाली. "बायांना कामाला लावलंय."

त्या दिवशी भाकरी खायला तिला अर्धा तास लागला. आम्हालाही अर्धा तास मिळाला. पुढे रोजच मिळायला लागला. कोणी घाईने उठली तर म्हणायची, "बस खाली. चावून खा. पोटाने तुझं काय बिघडवलंय?" शेठ एकदा येऊन म्हणाला, "मुकादम, बाया कामाला आणल्यात की जेवायला?" ती म्हणाली, "शेठ, दहा मिनिटांत जेवलेली बाई दुपारनंतर पोट धरून बसते. मला विचारा." शेठला ते आवडलं नाही. तिचं पोट मात्र खरंच हलकं झालं. सगळं दुखणं गेलं नाही, तिखट खाल्लं की जळजळ व्हायची, पण कमरेच्या पिशवीतून सोडा गेला आणि तिथे भाजलेले चणे आले. जीपमध्ये चणे खायची, तोंड उघडं ठेवून, मोठ्याने.

मग एका रविवारी ती मला घेऊन जावेकडे गेली. पदरात दोन किलो चिकू, चांगले निवडलेले. ती जावेला म्हणाली, "चुकलं माझं. तू काही घातलं नव्हतंस. माझेच दात वाकडे होते. आज तुझ्या हातचं वालाचं कालवण दे, चावून खाते."

जाऊ दारातच उभी होती. तिने आत या असं म्हटलं नाही. "तीन वर्षं," ती म्हणाली, "बाजारात बाया माझ्या टोपलीतली भाजी घेत नव्हत्या. माझ्या पोरीच्या सोयरिकीला आलेले पाणी न पिता उठले. आणि आज तुला दात आले म्हणून माझा हात चांगला झाला?"

"मला भगताने सांगितलं होतं गं."

"भगताने नाव घेतलं होतं माझं?"

 मुकादमीण पायरीवर बसली, चिकू तिथेच ठेवले आणि उठली. संध्याकाळी ते कोंबड्या टोचत होत्या.

पावसाळा संपल्यावर गटाच्या अध्यक्षबाई आणि सचिवबाई मोबाइल घेऊन शेळ्यांचा फोटो काढायला आल्या. एरवी त्या शेळ्या बघायला कधी कोणाकडे जात नसत. कोणीतरी कळवलं होतं. मी तिच्या ओटीवर वाल सोलत बसले होते.

"शेळ्या कुठे आहेत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"आहेत."

"चरायला सोडल्या?"

"आत्ताच चरून आल्या." मुकादमीण उठून त्यांच्यासमोर गेली आणि तिने तोंड उघडलं. मग वरची कवळी काढून डाव्या हातावर ठेवली, खालची काढून उजव्या हातावर. गाल आत गेले, शब्द फुटेनात, तरी बोलली. "ही एक आणि ही दुसरी. काढा फोटो."

कुंपणापलीकडून जाऊ मोठ्याने म्हणाली, "दूध किती देतात गं?"

सचिवबाईंना हसू आलं, त्यांनी तोंड फिरवलं. अध्यक्षबाई तांबड्या झाल्या. मी ज्या बाईचं तोंड कोणी बघू नये म्हणून चार वर्षं सांभाळलं, ती अंगणात दात हातावर घेऊन उभी होती. मी वाल सोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी सभा झाली. सगळ्या बाया आल्या होत्या. खोटं बोलून कर्ज घेतलं, गटाचं नाव बँकेत खराब होईल, एका वर्षात सगळे पैसे फेडायचे, पाचशे रुपये दंड, न फेडल्यास जामिनाकडून वसूल करायचे. मग अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. "तू जामीन. तुला माहीत होतं का शेळ्या घेतल्या नाहीत ते?"

माझा पत्र्याच्या कर्जाचा अर्ज त्याच सभेत होता. घराचं कूड त्या पावसात एका बाजूने खाली आलं होतं. मुलगी दहावीला होती, पुस्तकं भिजत होती. हे सगळं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलेलं आहे. मी म्हणाले, "मला वाटलं, शेळ्याच घेतल्या."

गटात मी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. आवाजही चांगला आला, शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

मुकादमिणीने माझ्याकडे बघितलं. ती एका शब्दाने मला खोटं पाडू शकली असती. ती म्हणाली, "खरं आहे. मुकीला मी काही सांगितलं नव्हतं." आणि उठून निघून गेली. माझा अर्ज मंजूर झाला. आता हे लिहिते आहे ते त्याच पत्र्याखाली.

बातमी शेठपर्यंत गेली. ज्या बाईने गटाला फसवलं ती मला फसवणार नाही कशावरून, असं तो म्हणाला, आणि तसाही तो अर्धा तास त्याला खुपत होताच. दिवाळीनंतर टोळी दुसऱ्या मुकादमाकडे गेली. हा पुरुष आहे, शिट्टी वाजवतो. आम्ही आता पुन्हा दहा मिनिटांत जेवतो. मी घास चावते, पण मध्येच शिट्टी होते आणि उरलेलं डब्यात परत जातं.

मुकादमीण मुलीकडे उंबरगावला गेली, तिथे कुठल्यातरी कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागली. जाताना सगळ्यांना भेटली, माझ्याकडे आली नाही. मी तिच्या घराशी गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. जाऊ कुंपणाशी उभी होती. "सकाळीच गेली," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघत, "तू पण तिला काही घातलंस वाटतं."

दर महिन्याला जीपचा ड्रायव्हर तिचा हप्ता आणून सचिवबाईंना द्यायचा. कधी हजार, कधी कमी, कधी थोडे जास्त. एक महिना चुकला नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात मी पत्र्यातून उरलेले दोन हजार ड्रायव्हरकडे दिले, म्हटलं, तिच्या हप्त्यात घाल, माझं नाव सांगू नको. पुढच्या महिन्यात तो हप्ता घेऊन आला आणि वेगळ्या कागदात बांधलेले माझे दोन हजार मला परत दिले.

"तू नाव सांगितलंस?"

"नाय ओ. पैसे वेगळे बघूनच म्हणाली, हे परत दे."

"आणखी काही म्हणाली?"

"काय नाय. चणे खात होती."

एकदा मी तिला बघितलं. डहाणूच्या स्टेशनबाहेर बाजारात, भुट्टा खात उभी होती. अंग भरलं होतं, तोंडावर पदर नव्हता. मी समोरून आले आणि थांबले. तिने मला ओळखलं. चावणं न थांबवता तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, अनोळखी माणसाकडे बघतात तसं, घास पूर्ण चावून गिळला आणि पुढच्या दुकानाकडे वळली. मी "मुकादमीण" म्हणायला तोंड उघडलं होतं. आवाज आला नाही.

दिवाळीच्या आधी शेवटचा हप्ता आला. सचिवबाईंनी मला बोलावून घेतलं, जामिनाची सही लागते म्हणून. त्यांनी बेरीज दोनदा केली. बारा हजार, व्याज, वर दंडाचे पाचशे, सगळं बरोबर होतं. त्यांनी तिच्या नावापुढे 'पूर्ण फेड' लिहिलं आणि खाली माझ्या नावावर रेघ मारली. "सुटलीस बाय तू," त्या म्हणाल्या. मी सही केली. मुकादमिणीने सगळे पैसे फेडले. माझा त्यात एक रुपयाही तिने लागू दिला नाही.